बी वर्ग, एक्स वर्ग आणि कामावरची वाफेची इंजिनं : पेटवण्यापासून आग पाडेपर्यंत

घाटमाथा

वाफेच्या इंजिनावर आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुतेक आठवणींपाशी येऊन थांबतं. हा धागा आजही कामावर असलेल्या इंजिनांसाठी आहे.

दार्जिलिंगच्या दोन फुटी रुळांवर बी वर्गाची इंजिनं चालतात. शार्प स्टुअर्ट कंपनीची रचना, पहिलं इंजिन १८८९ चं, शेवटचं १९२७ चं, एकूण ३४. त्यातली तीन अमेरिकेत बाल्डविनने बांधली आणि तीन रेल्वेच्या स्वतःच्या तिनधरिया कारखान्यात झाली. निलगिरीत मेट्टुपालयम ते कुन्नूर स्वित्झर्लंडच्या विंटरथूर कारखान्याच्या रचनेची एक्स वर्गाची इंजिनं गाडी ढकलत चढवतात. रेवाडीच्या शेडमध्ये ब्रॉडगेज आणि मीटरगेजची इंजिनं खास फेऱ्यांसाठी पेटवली जातात.

लोक यांच्यासाठी हजारो किलोमीटर प्रवास करून का येतात? धूर आणि शिटी हे अर्धंच उत्तर झालं. या यंत्रात झाकलेलं फार थोडं आहे. पिस्टनचा दांडा, क्रॉसहेड, कनेक्टिंग रॉड, चाक, सगळं बाहेर. पाच वर्षांच्या पोरालाही बोट दाखवून सांगता येतं की हे ढकलतं म्हणून ते फिरतं. आणि हे किल्ली फिरवून सुरू होत नाही. कुणीतरी पहाटे येऊन ते जागं करावं लागतं. त्या माणसाचं काम कळलं की फलाटावर उभं राहून बघण्यातली गोडी दहापट वाढते.

जाणकारांनी सविस्तर लिहावं.

शेगडी

पेटवण्यापासून सुरुवात करतो. सकाळी आठची गाडी धरली तर पूर्ण थंड इंजिन पहाटे साडेतीन-चारला हातात घ्यावं लागतं. आदल्या दिवशी चाललेलं असेल, बॉयलर कोमट असेल, तर दोन तासही पुरतात.

काडी लावायच्या आधी पाणी. बॉयलरमधली पातळी दाखवणाऱ्या काचेत (गेज ग्लास) पाणी दिसतंय एवढ्यावर विसंबायचं नाही. गेज ग्लासचा खालचा कॉक गाळाने चोंदला असेल तर काचेत कालचंच पाणी उभं राहतं आणि आत काय आहे ते कळतच नाही. म्हणून दोन्ही काचांचे कॉक उघडून-मिटून पाणी खाली जातं आणि परत झटकन वर येतं का, ते बघायचं. सावकाश वर आलं तरी वाट चोंदत चाललीय असं समजायचं. थंड असताना अर्धी काच पुरते. पाणी २० अंशांवरून १८० पर्यंत तापलं की सुमारे आठव्या हिश्श्याने फुगतं. आधीच काच भरून ठेवली तर पुढे पाणी वाफेबरोबर सिलिंडरात जातं.

मग बॅटरी घेऊन आगीच्या पेटीच्या, म्हणजे फायरबॉक्सच्या, दारातून आत बघायचं. छतातले लेड प्लग (शिसं भरलेली बुचं) ओलसर आहेत का? आगीची धग पाण्यातून नेणाऱ्या ट्यूबच्या तोंडांपासून खाली पांढरट ओघळ आहेत का? शेगडीच्या सगळ्या सळ्या आपापल्या खाचेत आहेत का? एक सळई निसटलेली असली की घाटात जळता कोळसा त्या फटीतून राखदाणीत पडतो, तिथे जळतो आणि शेजारच्या सळ्या खालून वितळवतो.

धुराड्याखालच्या स्मोकबॉक्समधला चुरा काढायचा आणि दार घट्ट आवळायचं. तिथून हवा शिरली की दोन गोष्टी होतात. ओढ कमी होते, आणि साचलेला चुरा तिथेच पेटून दाराचा पत्रा लाल होऊन वाकतो. एकदा वाकलेलं दार पुन्हा हवाबंद बसवणं कर्मकठीण.

सिलिंडरांना वाफ सोडणारा रेग्युलेटर बंद, पुढे-मागे दिशा ठरवणारा रिव्हर्सर मध्यावर, हँडब्रेक आवळलेला, सिलिंडरमधलं पाणी काढणारे ड्रेन कॉक उघडे. रेग्युलेटर थोडा जरी गळत असला तरी दाब वाढल्यावर माणूस नसताना इंजिन आपोआप हलू शकतं. ही चारही कलमं त्यासाठी.

आता आग. शेगडीवर मुठीएवढ्या कोळशाचा पातळ थर, मधोमध लाकडाच्या ढलप्या आणि तेलात भिजवलेला चिंध्यांचा बोळा. सुरुवातीला ओढ नसतेच, कारण ओढ लावणारा ब्लोअर वाफेवर चालतो आणि वाफ तर अजून व्हायचीय. शेडमध्ये दाबाखालच्या हवेची नळी असेल तर ती जोडतात. नसेल तर डँपर (आगीखाली हवा घेणारी झडप) उघडं ठेवून धीर धरायचा. दाबाचा काटा २० पौंडांच्या पुढे गेला की ब्लोअर किंचित उघडायचा. ५०-६० पौंडांवर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे दोन्ही इंजेक्टर चालवून बघायचे. एकही नाटक करत असेल तर इंजिन शेडबाहेर काढायचं नाही.

दाब चढेपर्यंतचा वेळ तेलपाण्याचा. जुन्या इंजिनांच्या तेलाच्या कपांत लोकरीच्या वाती असतात. वात तेल शोषून थेंब थेंब बेअरिंगवर सोडते. वातीतून तेल कमी आलं तर बेअरिंग कोरडं राहतं, जास्त आलं तर कप घाट चढायच्या आधीच रिकामा होतो. शिवाय इंजिन उभं असलं तरी वात ठिबकतच राहते, म्हणून काम संपल्यावर ती वर ओढून ठेवायची.

नवा_प्रवासी

उत्तम माहिती. एक बाळबोध प्रश्न. कुकरची शिटी दहा मिनिटांत होते, मग इथे चार तास कशाला? जोरात आग केली तर?

शेगडी

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. जोरात आग करून लवकर वाफ धरता येते, आणि त्यातच बॉयलरचं आयुष्य जातं.

बी वर्गाचा कामाचा दाब १४० पौंड प्रति चौरस इंच. त्या दाबाला पाणी सुमारे १८३ अंशांना उकळतं. म्हणजे सगळं लोखंड १६० अंशांनी तापणार आणि वाढणार. पारंपरिक बांधणीत आतला फायरबॉक्स तांब्याचा आणि बाहेरचं कवच पोलादाचं. एक मीटर लांबीमागे तांबं एवढ्या तापमानवाढीत सुमारे २.७ मिलिमीटर वाढतं, पोलाद १.९. हा फरक दोन पत्र्यांना बांधून ठेवणाऱ्या स्टे नावाच्या आडव्या दांड्यांनी वाकून सोसायचा असतो. हळू तापवलं तर दोन्ही पत्रे जवळजवळ बरोबरीने तापतात. घाई केली तर आतला पत्रा तापून मोकळा आणि बाहेरचा अजून थंड. दर वेळी स्टे थोडा जास्त वाकतो आणि एक दिवस तडकतो.

दुसरं म्हणजे बॉयलरच्या तळाचं पाणी. आग वरच्या भागाला भिडते, तळ बराच वेळ गार राहतो. वरून काटा ३० पौंड दाखवतो आणि पोटाला हात लावला तर पत्रा जेमतेम कोमट.

पाणीपातळी

दार्जिलिंगच्या मार्गावर फायरमनची खरी परीक्षा कोळशापेक्षा पाण्यात असते. आणि ती झिगझॅगवर सगळ्यात चांगली दिसते.

बॉयलर आडवा, पाणी आपली पातळी सोडत नाही आणि रूळ तिरके. चिमणी वरच्या बाजूला असेल तर पाणी मागे, फायरबॉक्सकडे सरकतं. चढ २५ ला १ आणि बॉयलर तीन मीटर लांब धरला तर दोन टोकांच्या पातळीत १२ सेंटिमीटर फरक पडतो. गेज ग्लास मागच्या टोकाला, म्हणजे चढावर काच खऱ्यापेक्षा जास्त पाणी दाखवते. ते खोटं सुख.

आता झिगझॅग. जागा नसल्यामुळे गाडी पुढे चढते, थांबते, दुसऱ्या रुळावर उलटी मागे चढते, पुन्हा थांबते आणि तिसऱ्या रुळावर सरळ पुढे जाते. मधल्या उलट्या टप्प्यात इंजिनाची मागची बाजू वर आणि चिमणी खाली असते. गाडी चढतेच आहे, पण बॉयलरपुरता तो उतार झाला. पाणी पुढे धावतं आणि फायरबॉक्सच्या छतावरचा थर पातळ होतो. ऐन आग भडकलेली असताना. म्हणून उलटं निघायच्या आधी पाणी वर घेऊन ठेवायचं. थांबल्यावर काचेतली पातळी अचानक पडलेली बघून मग इंजेक्टरकडे धावणारा फायरमन उशिरा जागा झालेला असतो.

हीच गोष्ट घूमला. स्टेशन ७,४०७ फुटांवर, आणि तिथून दार्जिलिंगकडे उतार. चिमणी पुढे ठेवून माथा ओलांडणाऱ्या इंजिनात काचेत जेवढं दिसत होतं त्यातलं बरंचसं दोन मिनिटांत नाहीसं होतं.

इंजेक्टरचंही एक दुखणं आहे. बी वर्गाची पाण्याची मुख्य टाकी खोगिरासारखी बॉयलरवर बसलेली. घाटात ताटकळत उभं राहावं लागलं की टाकीतलं पाणी तापतं. इंजेक्टर चालतो तो वाफ गार पाण्यात विरून तिचा वेग पाण्याला मिळतो म्हणून. पाणी हाताला चटका देण्याइतकं तापलं की वाफ नीट विरत नाही, इंजेक्टर फुरफुरतो आणि पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर सांडतं. अशा वेळी इंजेक्टरच्या अंगावर गार पाणी ओततात, ओलं फडकं गुंडाळतात आणि पाण्याचा कॉक पूर्ण उघडून वाफ हळूहळू देतात. रस्त्याकडेला थांबलेल्या इंजिनाखाली कुणी बादली घेऊन वाकलेला दिसला तर बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं.

नवा_प्रवासी

आणि फायरबॉक्सचं छत उघडं पडलंच तर?

पाणीपातळी

छताच्या पत्र्यात लेड प्लग बसवलेले असतात. पितळी बूच, मधल्या भोकात शिसं. वर पाणी आहे तोवर शिसं तग धरतं. पाणी गेलं की ते ३२७ अंशांना वितळतं आणि त्या भोकातून वाफ-पाणी आगीवर फवारतं. छोट्या भोकाने मोठी आग विझत नाही. तो इशारा आहे. फायरबॉक्समध्ये सूं आवाज आला की इंजेक्टर लावायचे, आग पाडायची (शेगडीतून खाली काढायची) किंवा ओल्या राखेने दाबायची. तिथून पुढे गाडी नेणं नाही.

इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर छताचा पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि स्टेवरून सुटून खाली फुगतो. बॉयलर फुटतो तो बहुतांशी असाच, कमी पाण्याने. दाब जास्त झाला म्हणून फुटणं त्या मानाने विरळा, कारण त्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह आहेत. कमी पाण्यासाठी मात्र हा प्लग आणि माणसाचा डोळा याखेरीज दुसरं काही जुन्या इंजिनावर नसतं.

प्लग ठरावीक मुदतीने बदलायचेच. वरून गाळाची पापुद्री धरली की शिसं वितळूनही भोक मोकळं होत नाही.

रेताड

दार्जिलिंगच्या इंजिनावर पुढच्या बफर बीमवर (आडव्या तुळईवर) बसलेली दोन माणसं परदेशी पाहुणे सगळ्यात जास्त टिपतात. ती वाळूवाली. एकाकडे डावा रूळ, एकाकडे उजवा.

बी वर्ग चार चाकांचा, चारही चाकं जोडलेली. वजन १५ टनांच्या आतबाहेर, म्हणजे सगळं वजन पकडीसाठी उपयोगी. सिलिंडर ११ इंच व्यासाचे, १४ इंच पल्ल्याचे, चाक २६ इंचाचं. यावरून खेचण्याची ताकद साधारण साडेतीन टन निघते. कोरड्या रुळावर हे गणित बसतं. पण मार्ग हिलकार्ट रोड या घाटरस्त्याला चिकटून जातो, जागोजाग तो ओलांडतो, आणि धुकं, चिखल, गाड्यांचं तेल असं सगळं रुळावर येतं. पकड निम्म्यावर यायला वेळ लागत नाही.

वाळू कोरडी आणि चाळलेली लागते. ओली वाळू गोळा होऊन पडते, एका जागी ढीग आणि पुढे दोन हात काहीच नाही. हाताने टाकण्याचा फायदा असा की माणूस पुढचा रूळ बघून टाकतो. रस्ता ओलांडायच्या ठिकाणी आधीपासून, वळणावर आतल्या रुळाला बेताने. यंत्राने नळीतून पडणाऱ्या वाळूला हे कळत नाही.

चूक कुठे होते तर चाक घसरून भन्नाट फिरायला लागल्यावर वाळू टाकण्यात. फिरतं चाक अचानक पकडलं की झटका चाकं जोडणाऱ्या कपलिंग रॉडवर आणि तो ज्या पिनवर बसतो त्या क्रँकपिनवर जातो, पिन वाकते. आधी रेग्युलेटर मिटायचा, चाक शांत होऊ द्यायचं, वाळू टाकायची, मग पुन्हा उघडायचा. चांगला ड्रायव्हर घसरायच्या आधीच हात मागे घेतो. धुराड्याच्या ठोक्यात फरक पडतो तो त्याला ऐकू येतो.

याच इंजिनावर कोळसा फोडणारा वेगळा माणूस असतो, कोळशाच्या पेटीवर बसलेला. मोठा दगड आगीत टाकला तर आत तापायला वेळ लागतो आणि त्याच्याभोवती हवेला वाट फुटते. भुगा टाकला तर तो न जळताच ट्यूबमधून उडून जातो. म्हणून मुठीएवढा. एवढ्याशा इंजिनावर एवढी माणसं का, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

मीटरगेज

निलगिरीचं थोडं वेगळं प्रकरण आहे आणि यंत्र म्हणून मला ते जास्त सुंदर वाटतं.

मेट्टुपालयम ते उदगमंडलम (उटी) ४६ किलोमीटर. कुन्नूरपर्यंतचा मार्ग १८९९ चा, उटीपर्यंत १९०८ चा. कल्लार ते कुन्नूर दातेरी रूळ, सर्वांत तीव्र चढ सुमारे १२ ला १. एवढ्या चढावर नुसत्या चाकांच्या पकडीवर गाडी नेता येत नाही. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातांच्या दोन पट्ट्या, आब्ट पद्धतीच्या. दोन्हींचे दात एकमेकांपुढे अर्धा घर सरकवलेले, म्हणजे एका पट्टीचा दात सुटताना दुसरीचा पूर्ण धरलेला असतो. म्हणूनच गचके बसत नाहीत.

इंजिनाला चार सिलिंडर. जास्त दाबाचे दोन सिलिंडर नेहमीची चाकं फिरवतात. सपाट भागात तेवढेच काम करतात आणि वाफ सरळ धुराड्यात. दातेरी भाग आला की तीच वापरलेली वाफ वर बसवलेल्या कमी दाबाच्या दोन सिलिंडरांत सोडतात आणि ते दातेरी चाकं फिरवतात. एकाच वाफेचं दोनदा काम. दातेरी चाकांची यंत्रणा मध्ये गिअर घेऊन चालते, त्यामुळे वरचे दांडे खालच्यांपेक्षा भराभर हलताना दिसतात. गाडी संथ आणि वरचे दांडे लगबगीत. हे दृश्य बघायला हिलग्रोव्हला पाण्यासाठी थांबलेली गाडी निघते तेव्हा इंजिनाच्या बाजूला उभं राहावं.

इंजिन कायम उताराच्या बाजूला. वर जाताना ढकलतं, खाली येताना पुढे राहून अडवतं. कपलिंग तुटली तरी डबे इंजिनावरच टेकतात. उतरताना नुसत्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर विसंबलं तर ते तापून निकामी होतील, म्हणून सिलिंडर उलटे वापरतात. पिस्टन हवा ओढून दाबतो आणि त्या दाबाने इंजिन रोखलं जातं. दाबलेली हवा भयंकर तापते, तिच्यात पाण्याचा फवारा सोडून सिलिंडर गार ठेवतात. शिवाय डब्यांवर ब्रेकवाला असतोच, झेंडी हातात घेऊन.

कल्लारला दातेरी भागात शिरण्याची जागा बघण्यासारखी आहे. पट्टीचा पहिला तुकडा स्प्रिंगवर बसवलेला असतो, तो दातेरी चाकाखाली थोडा दबतो आणि दात जुळले की वर येतो. वेग जास्त असेल तर दात दातावर आपटतो. तिथे गाडी चालत्या माणसाच्या गतीला येते ती त्यासाठी.

धूरखूण

निलगिरीची इंजिनं तेलावर नेली तेव्हाच त्यातला जीव गेला, असं स्पष्ट मत आहे. कोळशाचा वास नाही, फावड्याचा आवाज नाही. वारसा म्हणायचं तर जसंच्या तसं ठेवा.

मीटरगेज

असहमत. फायरमनचं काम तेलाने सोपं झालं हा गैरसमज आहे, ते वेगळं झालं.

तेल वाफेच्या झोताने फवारून जाळतात. फवाऱ्याची वाफ कमी पडली तर थेंब मोठे राहतात, पूर्ण जळत नाहीत आणि धुराड्यातून काळाकुट्ट धूर. वाफ जास्त झाली तर ज्योत उडते. कोळशाच्या आगीत दहा मिनिटांची शिल्लक असते, तेलाच्या आगीत शिल्लक शून्य. ड्रायव्हरने रेग्युलेटर हलवला की त्याच क्षणी तेलाचा व्हॉल्व्ह हलला पाहिजे. दोघांची जोडी जमलेली नसली की धुरावरून लगेच समजतं.

ट्यूबमध्ये काजळी धरते आणि वाफ कमी पडायला लागते. त्यावर जुना उपाय : इंजिन जोरात चालत असताना फायरबॉक्सच्या दारातून थोडी कोरडी वाळू आत सोडायची. ओढीबरोबर ती ट्यूबमधून घासत जाते आणि काजळी खरवडून बाहेर टाकते.

तेलाचा खरा धोका दुसरा आहे. आग एका झटक्यात बंद होते, गार हवा आत शिरते आणि तापलेली ट्यूबची तोंडं आक्रसून गळायला लागतात. म्हणून तेल बंद करताच डँपर मिटावे लागतात.

आणि जंगलातून जाणाऱ्या चढावर ठिणग्यांचा प्रश्न होताच. २०११ पासून तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने याच रचनेची नवी इंजिनं बांधली, त्यांतली पहिली तेलावरची. शंभर वर्षांपूर्वीच्या स्विस रचनेचा बॉयलर, सिलिंडर, दातेरी चाकं आपल्याकडे नव्याने घडवली गेली. माझ्या लेखी ही गोष्ट कोळशाच्या वासापेक्षा मोठी आहे, कारण ज्या हातांनी नवा बॉयलर बांधला ते हात जुना दुरुस्तही करू शकतात.

धूरखूण

शेवटचा मुद्दा मान्य. तरी दार्जिलिंगला कोळसा राहावा असंच म्हणेन. तिथे कोळसा फोडणारा, वाळूवाले, फायरमन ही सगळी माणसं मिळून ते इंजिन आहे. तेल आणलं की त्यातला एकेक जण उतरतो.

नेरळची_वाट

माथेरानचा उल्लेख हवाच. १९०७ ला सुरू झालेला दोन फुटी मार्ग, नेरळपासून सुमारे २१ किलोमीटर, चढ २० ला १ पर्यंत. इथली चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन उंड कोप्पेलची, क्रमांक ७३८ ते ७४१.

त्यांचं वैशिष्ट्य धुऱ्यांमध्ये आहे. सहा चाकं एका सरळ चौकटीत पक्की बसवली तर माथेरानच्या वळणांवर ती रुळांत अडकतील. म्हणून क्लीन-लिंडनर पद्धत. टोकाचा धुरा पोकळ नळीसारखा, त्याच्या आत दुसरा घन धुरा आणि मध्ये गोलाकार सांधा. ताकद आतल्या धुऱ्यातून येते आणि बाहेरची नळी चाकांसकट वळणाच्या दिशेने तिरकी होते. बसवायला किचकट, आणि आतला सांधा वंगणावाचून राहिला तर झिजलेला दिसतही नाही, कारण तो नळीच्या आत. धुरा उतरवल्याशिवाय तपासता येत नाही.

मार्गावर वॉटर पाईप नावाचं स्टेशन आहे. आज डिझेलच्या गाडीतून जाणाऱ्यांना ते नाव विचित्र वाटतं. इंजिनाला घाटात पाणी कुठे मिळणार हाच तेव्हाचा पहिला प्रश्न होता. चारांपैकी ७४० इंग्लंडला गेलं. पुढे दार्जिलिंगच्या बी वर्गातलं ७९४ क्रमांकाचं इंजिन तेलावर बदलून नेरळला आणलं गेलं.

घाटमाथा

बी वर्गातलं १९ क्रमांकाचं इंजिनही साठच्या दशकात अमेरिकेला विकलं गेलं आणि तिथून इंग्लंडला पोचून पुन्हा वाफेवर चाललं.

मूळची माथेरानची इंजिनं पुन्हा चालती करता येतील का, हा प्रश्न दर काही महिन्यांनी कुठे ना कुठे निघतो. बॉयलर जाणणाऱ्या कुणी लिहावं.

ठोकपीट

दर्शनी ठेवलेलं इंजिन चालतं करायचं तर रंग खरवडण्याआधी बॉयलर. बाहेरून चकचकीत असलेलं इंजिन आतून संपलेलं असू शकतं, कारण पावसाचं पाणी धुराड्यातून स्मोकबॉक्समध्ये उतरतं आणि राखेबरोबर त्याचं आम्ल होतं. तळाचा पत्रा तिथून खातो.

क्रम असा. आच्छादन पूर्ण उतरवायचं. सगळ्या ट्यूब कापून काढायच्या, त्याशिवाय आतला तळ दिसत नाही. पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने चौकटी आखून मोजायची आणि मूळ नकाशाशी ताडायची. जास्त झीज कुठे? फायरबॉक्सच्या तळाशी चौकट बसते त्याच्या जरा वर, जिथे गाळ साचतो. आणि पत्र्यांच्या जोडाशेजारी, जिथे तापून-निवून पत्रा वाकत राहतो तिथे बारीक चर पडतो.

मग स्टे. हातोडीने एकेकावर ठोका मारायचा. अखंड स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. पण कान तयार नसेल तर फसगत होते, म्हणून स्टेच्या टोकातून मधोमध बारीक भोक पाडलेलं असतं. स्टे आत तडकला की त्या भोकातून पाणी-वाफ बाहेर येते आणि दोष स्वतःच बोलतो. कुणीतरी गळती नको म्हणून ते भोक ठोकून बुजवून टाकतं. याहून घातक दुरुस्ती नाही.

नव्या ट्यूब बसवताना तोंड पत्र्यात रोलरने फुगवून घट्ट करतात. कमी फुगवली तर गळते, जास्त फुगवली तर दोन भोकांमधला पत्र्याचा पूल तडकतो. ट्यूब स्वस्त आहे, पत्रा नाही.

नंतर थंड पाण्याने दाबचाचणी, कामाच्या दाबापेक्षा जास्त दाबावर. पाणीच का? पाणी दाबलं तरी आकसत नाही, त्यामुळे त्यात ताकद साठत नाही. जोड उघडला तर नुसतं पाणी गळतं. हवेने किंवा वाफेने हीच चाचणी केली तर तोच जोड स्फोट होऊन उघडतो. पाण्याच्या चाचणीत उतरल्यावरच कमी आगीवर वाफेची चाचणी.

एवढं झालं तरी प्रश्न उरतो तो माणसांचा. इंजिन एकदा चालतं करणं आणि ते दर आठवड्याला चालवणं यात मोठा फरक आहे. वॉशआउटचंच, म्हणजे बॉयलर आतून धुण्याचंच घ्या. दाब आपोआप उतरू द्यायचा, बॉयलर रात्रभर निवू द्यायचा. गरम बॉयलर रिकामा केला तर आतला ओला चिखल तापलेल्या पत्र्यावर भाजून दगड होतो, मग तो कुठल्याही पाण्याने निघत नाही. निवल्यावर बुचं काढायची आणि वरून खाली, छतापासून तळाच्या चौकटीपर्यंत, जोराच्या पाण्याने आणि सळईने गाळ ढकलत आणायचा. दिवा आणि आरसा घालून प्रत्येक बुचातून बघायचं. कितीदा करायचं ते पाणी ठरवतं. डोंगराच्या झऱ्याचं मऊ पाणी असेल तर निवांत, बोअरवेलचं जड पाणी असेल तर धावपळ.

मीटरगेज

पाण्याच्या दोषांत प्रायमिंगही धरा. विरघळलेले क्षार वाढले की बॉयलरमधलं पाणी दुधासारखं फेसाळून वर येतं. काचेतली पातळी नाचायला लागते, धुराड्यातून पांढरे शिंतोडे. लगेच रेग्युलेटर कमी आणि ड्रेन कॉक उघडे. पाणी दबत नाही, त्यामुळे सिलिंडरात अडकलं तर झाकण फुटतं किंवा पिस्टनचा दांडा वाकतो. स्टेशनातून निघताना इंजिन दोन्ही बाजूंनी वाफ सोडतं ते शोभेसाठी नसतं, थंड सिलिंडरात पाणी झालेली वाफ बाहेर काढत असतं.

धूरखूण

रेवाडीबद्दलही कुणीतरी लिहा. १८५५ ची फेअरी क्वीन तिथे असते ना?

घाटमाथा

हो. लीड्सच्या किटसन कंपनीचं इंजिन, ईस्ट इंडियन रेल्वेचं २२ क्रमांकाचं. १९९७ ला पुन्हा चालू केलं, दिल्ली छावणी ते अलवर फेऱ्या झाल्या आणि १९९८ मध्ये नियमित चालणारं सर्वांत जुनं इंजिन म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. त्याची चालवणारी चाकं फक्त एक जोडी. रुळावर थोडं दव असलं तरी निघताना घसरतं. त्या काळी हलक्या गाड्यांना ते पुरत होतं.

रेवाडीत बघायचं असेल तर अकबर नावाचं डब्ल्यूपी वर्गाचं इंजिन बघावं. बंदुकीच्या गोळीसारख्या नाकाचा हा वर्ग १९४७ पासून १९६७ पर्यंत बांधला गेला, एकूण ७५५. दाब २१० पौंड. बी वर्गाशेजारी ठेवलं तर दोन्ही एकाच तत्त्वावर चालतात यावर विश्वास बसणार नाही.

धाग्यात एक टप्पा राहिला. शेवटचा.

शेगडी

लिहितो. शेडमध्ये परतल्यावरचं काम पेटवण्याइतकंच नाजूक आहे आणि दिवसभर थकलेल्या माणसांना ते करावं लागतं.

परतीच्या शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये कोळसा टाकणं थांबवायचं, आग पातळ होऊ द्यायची. शेडला पोचेपर्यंत दाब उतरलेला पण इंजेक्टर चालण्याइतका शिल्लक हवा. बॉयलर आत्ताच भरून घ्यायचा, काच जवळजवळ भरेपर्यंत. रात्रभरात पाणी निवून आकसतं आणि सकाळी पेटवणाऱ्याला अर्धी काच मिळायला हवी.

मग क्लिंकर. राखेचं प्रमाण जास्त असलेल्या कोळशाची राख वितळून शेगडीवर काचेसारखी पोळी धरते. लांब सळईने ती उचकटून, तुकडे करून, दारातून किंवा शेगडीची एखादी सळई काढून खाली पाडायची. घाईत अर्धी ठेवली तर सकाळी ती थंड होऊन सळ्यांना चिकटलेली असते आणि तिथून हवा येत नाही. राखदाणी रिकामी करून राखेवर बाहेर पाणी मारायचं. राखदाणीत आत पाणी मारायचं नाही, तापलेल्या पत्र्याला ते सोसत नाही.

डँपर बंद, फायरबॉक्सचं दार बंद, हँडब्रेक आवळलेला, चाकांना लाकडी ठोकळे. रिव्हर्सर मध्यावर, ड्रेन कॉक उघडे. लोकरीच्या वाती वर काढलेल्या. आणि सगळ्यात शेवटी कुणीतरी वर चढून धुराड्यावर पत्र्याचं झाकण ठेवायचं. ते ठेवलं नाही तर रात्रभर गार हवा ट्यूबमधून ओढली जाते आणि पहाटे साडेतीनच्या माणसाला कोमट बॉयलरऐवजी थंड बॉयलर मिळतो.